शिकून मनासारखं काम मिळतं का नुसतेच हप्ते? लोनच्या टेबलामागून एक उत्तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत लिहितो. तू धायरीत राहतेस, बी.कॉम. झालंय, नाना पेठेत स्पेअर पार्ट्सच्या होलसेलवाल्याकडे अकाउंट्स बघतेस, १९ हजार मिळतात. मोठ्या भावाने २०१७ ला ८ लाखाचं लोन काढून इंजिनिअरिंग केलं, आता कॉल सेंटरमध्ये आहे आणि साडेबारा हजाराचा हप्ता चालू आहे. तुला एका डीम्ड युनिव्हर्सिटीत एमबीएची सीट मिळतेय, दोन वर्षांचे १४ लाख, वडील म्हणतात घे, आणि वडील स्वतः पुढच्या वर्षी भोसरीच्या कंपनीतून रिटायर होतायत. तू विचारतेस की शिक्षणाने खरंच समाधानाचं काम मिळतं का, का आपण शिकतो ते बँकेसाठी.

मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची ११ एज्युकेशन लोनच्या टेबलावर, सगळी पुण्यातच. तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे म्हणून अगं-तुगं करतो, रागावू नकोस.

या टेबलाची गंमत अशी की एकच माणूस तुम्हाला दोनदा भेटतो. पहिल्यांदा येतो तेव्हा आई-वडील बरोबर, हातात प्लास्टिकची फाईल, त्यात दहावी-बारावीच्या मार्कशीट लॅमिनेट केलेल्या (लॅमिनेट करू नका हो, व्हेरिफिकेशनला त्रास होतो, किती वेळा सांगायचं), सँक्शन झालं की पेढे. आणि मग पाच-सहा वर्षांनी परत, यावेळी एकटा, किंवा तो येतच नाही, वडील येतात. मला आजही आठवतो तो एक गृहस्थ, ग्रॅच्युइटीचा चेक आला त्या आठवड्यात आले आणि म्हणाले साहेब यातून किती भागतं बघा. मुलगा पुण्यातच होता, नोकरीही होती, फक्त त्या पगारात हप्ता बसत नव्हता. मी हिशोब करून दिला, त्यांनी सही केली, चहा घेतला नाही. त्या मुलाचं सँक्शन माझंच होतं. खरं सांगायचं तर मार्चएंडला टार्गेट असायचं आणि जूनमध्ये आम्हाला कॉलेजच्या ॲडमिशन हॉलमध्ये टेबल टाकून बसवायचे, एका बाजूला फी काउंटर, दुसऱ्या बाजूला आम्ही. तिथे बसून मी अशी कितीतरी लोन केली जी माझ्या मुलीला घेऊ दिली नसती.

तर उत्तर. शिक्षणाने कर्ज होत नाही, सीट विकत घेतल्याने होतं, आणि या दोन गोष्टी आपल्याकडे इतक्या एकमेकीत मिसळल्यात की घरात बोलताना पण कुणी वेगळ्या करत नाही. "मुलाला शिकवलं" म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा "मुलाची फी भरली" असा अर्थ असतो.

पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे, आणि ते तुझ्याच प्रश्नात आहे. तू लिहिलंयस की भावाला आधी चाकणला डिझाईनमध्ये ट्रेनी म्हणून घेत होते, १४ हजारावर, पण मोरॅटोरियम (कोर्सनंतर हप्ता सुरू व्हायच्या आधी बँक देते ती सवड) संपत आला होता म्हणून त्याने कॉल सेंटर धरलं, तिथे नाईटचा भत्ता धरून २४ मिळत होते. लोनची खरी किंमत ही आहे बघ. व्याज वगैरे सगळे मोजतात, हे कुणी मोजत नाही. पहिली तीन-चार वर्षं माणसाला आपलं काम सापडायची वर्षं असतात, त्यात कमी पगारावर शिकायचं असतं, एखादी नोकरी नाही पटली तर सोडायची असते, चांगला साहेब मिळाला तर त्याच्यामागे फिरायचं असतं. नेमक्या त्याच वर्षांत हप्ता सुरू होतो. मग माणूस काम निवडत नाही, पहिल्या महिन्यापासून जो जास्त देईल त्याच्याकडे जातो, आणि एकदा तिकडे तीन वर्षं गेली की डिझाईनवाले विचारतात मधे काय करत होतास. तुझ्या भावाच्या डिग्रीत खोट नव्हती गं, त्याच्याकडे सहा महिने थांबायची सोय नव्हती.

आता तुझा आकडा मांडू. सोपं जावं म्हणून १० टक्के व्याज धरतो, प्रत्यक्षात थोडं इकडेतिकडे असेल. दोन वर्षांच्या सुरुवातीला ७-७ लाख कॉलेजला गेले. कोर्स दोन वर्षं आणि वर एक वर्ष मोरॅटोरियम. लोकांना वाटतं या काळात व्याज लागत नाही. लागतं. सरळव्याज असतं पण लागतं. पहिल्या ७ लाखावर तीन वर्षांचं २ लाख १० हजार, दुसऱ्यावर दोन वर्षांचं १ लाख ४० हजार, म्हणजे हप्ता सुरू व्हायच्या दिवशी तुझ्या नावावर १४ नाही, साडेसतरा लाख. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण २३,१०० रुपये. पंधरा वर्षं घेतलीस तर १८,८०० च्या आसपास, दिसायला बरं, पण मग एकूण जवळजवळ ३४ लाख भरशील. आणि यात तू नोकरी सोडून दोन वर्षं जे १९ हजार घालवणार ते धरलेलेच नाहीत, ते साडेचार लाख वेगळे.

तुझा आजचा अख्खा पगार १९ हजार आहे. हप्ता २३. म्हणजे एमबीए झाल्यावर पहिल्या दिवसापासून तुला कमीत कमी ५८ हजार हातात पडले पाहिजेत, नाहीतर भावाची गोष्ट परत. आमच्यात एक साधा ठोकताळा होता, हप्ता हातातल्या पगाराच्या चाळीस टक्क्यांच्या वर गेला की फाईलवर मनातल्या मनात लाल खूण करायची. मी तर म्हणतो पहिल्या नोकरीला पंचवीस टक्केच धर, कारण पुण्यात रूम, मेस, पीएमपीचा पास किंवा गाडीचं पेट्रोल हे कुणी चुकवू शकत नाही. तू घरी राहतेस हे तुझं मोठं भांडवल आहे, ते विसरू नकोस.

अजून एक, आणि हे वडिलांना दाखव. साडेसात लाखापर्यंत सरकारी बँका साधारण तारण मागत नाहीत, त्याच्या वर मागतात. १४ लाखाला तुमचा धायरीचा फ्लॅट मागतील. वडील सहकर्जदार असतील, म्हणजे नुसते जामीनदार नाही, कर्ज जितकं तुझं तितकंच त्यांचं, आणि ते पुढच्या वर्षी रिटायर. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात, सिबिल (कर्जाची पत) दोघांचं जातं, मग बँकेचा माणूस गोड बोलत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे, त्यात तारण-जामीनदार काही लागत नाही, आणि घरचं उत्पन्न ८ लाखापर्यंत असेल तर १० लाखापर्यंतच्या लोनवर मोरॅटोरियमच्या काळात ३ टक्के व्याजसवलत पण आहे, पण ती ठरावीक रँकिंगमधल्या संस्थांनाच लागू होते. तुझं कॉलेज त्या यादीत आहे का हे ॲडमिशनच्या काउंटरवर विचारू नकोस, योजनेच्या पोर्टलवर स्वतः बघ. यादीत नसेल तर तोही एक निरोपच समज.

आता राग येईल असं सांगतो. तुला १४ लाख लागणारच नाहीत कदाचित. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत पाहिजे आणि ॲडमिशन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेली पाहिजे. यात अभिमत (म्हणजे डीम्ड) आणि खाजगी विद्यापीठं येत नाहीत, मॅनेजमेंट कोटाही येत नाही. म्हणजे ज्या सीटसाठी तुम्ही फ्लॅट गहाण टाकायला निघालात ती नेमकी या योजनेच्या बाहेरची आहे, आणि एक सीईटी नीट देऊन पुण्यातल्याच चांगल्या कॉलेजला किंवा विद्यापीठाच्या स्वतःच्या मॅनेजमेंट विभागात नंबर लागला तर खर्च काही पटीने कमी. वडील फिटर, तू १९ हजारावर, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून निघेल बहुतेक. बाकी विनाअनुदानित कॉलेजांची फी किती घ्यायची हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, त्यांच्या साइटवर कॉलेजचं नाव टाकलं की मंजूर आकडा दिसतो, आणि मला असे पालक भेटलेत ज्यांच्याकडून "डेव्हलपमेंट"च्या नावाखाली भलतंच घेतलं जात होतं आणि पावती मागितल्यावर आवाज खाली आला. एक वर्ष गेलं तरी चालेल. वर्ष वाया गेलं म्हणतात, पण दहा वर्षांच्या हप्त्यापुढे ते वर्ष काय आहे.

कर्ज फक्त बँकेचंच असतं असंही नाही. सदाशिव पेठेत, नवी पेठेत अभ्यासिकांमधून एमपीएससीची पोरं बसतात बघ, एकाच्याही नावावर बँकेचं लोन नसेल, पण गावाकडे बापाने सोनं ठेवलंय, भिशी उचललीय, एकराचा तुकडा विकलाय. हे बिनकागदाचं कर्ज, याला मोरॅटोरियम नाही आणि सेटलमेंट पण नाही. बँकेला निदान तोंडावर सांगता येतं की भरता येत नाही. बापाला नाही सांगता येत, म्हणून सहावा, सातवा अटेम्प्ट.

पूर्वी तरी काय वेगळं होतं म्हणा. याच पेठांमधून गरीब मुलं वार लावून जेवायची, सोमवारी जोश्यांकडे, मंगळवारी आणखी कुणाकडे, माधुकरी मागायची. भाऊराव पाटलांनी कमवा आणि शिका सुरू केलं ते याच लाचारीतून सोडवायला, आपल्या विद्यापीठातही त्यांच्या नावाने ती योजना आहे, मुलं तासावर कामं करून खर्च काढतात. विद्यार्थी सहायक समितीची वसतिगृहं १९५५ पासून आहेत, खेड्यातली हजारो मुलं त्यावर शिकली. शिक्षणाचा खर्च आधी पण कुणीतरी उचलायचंच, फक्त तेव्हा तो व्याजाने नव्हता. असो, विषय लांबला.

समाधानाचं बोलू, कारण तुझा खरा प्रश्न तोच आहे आणि बँकेतला माणूस त्यावर काय बोलणार असं वाटेल. पण लोन क्लोज करायला जे स्वतःहून यायचे, नो ड्यूज न्यायला, त्यांच्याशी मी मुद्दाम दहा मिनिटं गप्पा मारायचो, तेवढी एक सवय होती. त्यात पॅकेजवाले होते आणि खूश पण होते, खोटं कशाला बोलू. बाहेरच्या देशात एम.एस. करून ४० लाखाचं लोन चार वर्षांत फेडणारी मुलगी होती, घर गहाण होतं, ते सुटलं तेव्हा आईने माझ्या टेबलावर नारळ फोडायचाच बाकी ठेवला होता. पण असे बरेच जण साध्या कामातले होते. एक डिप्लोमावाला, पावणेदोन लाखाचंच लोन, भोसरीच्या एका टूलरूममध्ये ॲप्रेंटिस लागला, स्टायपेंड एवढासा, पण तिथला म्हातारा टूलमेकर त्याच्यावर खूश होता, त्याने हाताला धरून शिकवलं. तीन वर्षांत लोन बंद केलं आणि पुढे गाळा भाड्याने घेऊन एक जुनी सीएनसी मशीन टाकली, जॉबवर्क करतो. मला म्हणाला साहेब, मायक्रोमीटरने मापलं आणि पार्ट बसला की दिवस बरा जातो. दुसरी एक बी.एस्सी. नर्सिंगची, तिचं लोनही लवकर फिटलं, म्हणाली पाय सुजतात, ड्युटी वाईट आहे, पण दुसरं काही करावंसं वाटत नाही.

यांच्यात मला तीन गोष्टी सारख्या दिसायच्या. लोन पगाराच्या मानाने छोटं होतं. सुरुवातीला कुणीतरी शिकवणारं भेटलं होतं, कॉलेजात नव्हे, कामावर. आणि आपलं काम जमलं का बिघडलं हे त्यांचं त्यांना संध्याकाळपर्यंत कळायचं, साहेबाने सांगायची वाट बघावी लागत नव्हती. डिग्री कोणती आणि कॉलेज कुठलं याचा याच्याशी संबंध होता पण आपण समजतो तितका नाही. माझ्याच मुलाने बी.ए. जिऑग्राफी घेतलं तेव्हा मी आठवडाभर बोललो नव्हतो त्याच्याशी, आता तो नकाशांचं, जीआयएसचं काम करतो आणि जेवताना मला जमिनीच्या उतारावर लेक्चर देतो. एक पैशाचं लोन नव्हतं, म्हणून पहिली दोन वर्षं तो फुटकळ पगारावर सर्व्हेच्या मागे फिरू शकला. मी शहाणा होतो असं नाही, तो ऐकला नाही एवढंच.

तुझ्या प्रश्नात मधेच एक वाक्य आहे, तुला वाटलं असेल सहज लिहिलं. "काम कंटाळवाणं आहे पण महिनाअखेर स्टॉक आणि वह्या जुळल्या की बरं वाटतं." मला त्या १४ लाखापेक्षा हे वाक्य जास्त कामाचं वाटतं. ज्याला हे बरं वाटतं त्याला मार्केटिंगच्या एमबीएत घालून टार्गेटच्या मागे पळवायचं म्हणजे मांजराला पोहायला शिकवण्यासारखं आहे, शिकेलही, पण सुखी नाही होणार. तू एमबीए कशात करणार ते लिहिलंच नाहीस, यावरूनच मला शंका आली की तुला एमबीए नकोय, तुला नाना पेठेतून बाहेर पडायचंय. ते बरोबर आहे. पण त्याला दुसरे रस्ते आहेत. सीएमए (कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट) बघ, ग्रॅज्युएट असल्यामुळे थेट इंटरमीडिएटला बसता येतं, नोकरी करत करता येतं, खर्च हजारांत आहे लाखांत नाही, आणि कॉस्टिंग, स्टॉक, उत्पादनाचा हिशोब हाच त्याचा जीव आहे. पुणे-चाकण-रांजणगावच्या पट्ट्यात एवढे कारखाने आहेत, स्टॉक समजणारा अकाउंटंट तिथे सगळ्यांना हवा असतो, आणि तुला तर गाडीचे पार्ट नावानिशी माहितीयेत, हे फ्रेशर एमबीएला माहीत नसतं. बी.कॉम.ला ५५ टक्के असतील तर सीएच्या इंटरला पण थेट जाता येतं, आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) आता दोन वर्षांची झालीय, पण रिझल्ट कडक लागतो, तिथे अर्ध्यात सोडलेले खूप बघितलेत, घरात आधीच एक हप्ता चालू असताना मी आधी सीएमएचा एक ग्रुप देऊन बघ म्हणेन. जमलं तर पुढचं पुढे. एमबीए पळून जात नाही, तीन-चार वर्षं कामाची झाल्यावर केलंस तर त्याचा उपयोग पण जास्त होतो, काय शिकतोय ते तरी कळतं.

आणि तरी मन त्या डीम्डकडेच ओढत असेल तर एक काम कर. शनिवारी दुपारी कॉलेजच्या गेटबाहेर जी चहाची टपरी असेल तिथे जाऊन उभी राहा, सेकंड इयरच्या पाच-सहा जणांना विचार. प्लेसमेंटचा ब्रोशर वाचू नकोस, त्यात सगळ्यात मोठं पॅकेज छापतात आणि ते एकाचं असतं. तू विचार की मागच्या बॅचच्या मधल्या मुलाला, म्हणजे ना पहिला ना शेवटचा, हातात किती पडतात आणि तो काम काय करतो. आकडा ५८ हजाराच्या खाली आला तर चहाचे पैसे दे आणि घरी ये. आणि घेतलंसच लोन, तर कोर्स चालू असतानाच आणि पुढच्या मोरॅटोरियमच्या वर्षातही महिन्याचं व्याज भरत राहा, पहिल्या वर्षी ५,८०० च्या आसपास येईल, दुसऱ्या वर्षापासून दुप्पट. मग हप्ता २३ च्या जागी साडेअठरावर येतो, शिवाय बऱ्याच बँका अशांना १ टक्का सवलत देतात, फक्त ती मागावी लागते, आपण होऊन कुणी देत नाही.

भावाचं मात्र लगेच बघ, त्याला एमबीएची वाट बघायची गरज नाही. २०१७ चं लोन म्हणजे ते बहुतेक जुन्या एमसीएलआरवर, म्हणजे बँक स्वतः ठरवते त्या दरावर, असणार. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवीन फ्लोटिंग (दर बदलत राहणारी) लोन साधारण रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या दराला, जोडलेली असतात आणि जुन्यांना बदलून घेता येतं. त्याला म्हणावं सुट्टीच्या दिवशी स्टेटमेंट काढ, व्याजाचा दर किती लागलाय ते बघ, आणि ब्रँचला जाऊन रेपोवर बदलायचा अर्ज दे, साधा एका पानाचा असतो, चार्ज किरकोळ. फरक महिन्याला हजार-आठशेचा पडेल फार तर. फ्लोटिंग असेल तर मधे जास्तीचे पैसे भरले तरी दंड लागत नाही, दिवाळीला बोनस मिळाला तर पाच-दहा हजार तिकडे टाकावेत. ब्रँचमध्ये सोमवारी जाऊ नका, गर्दी असते, मंगळवारी अकराच्या सुमारास जा, लोनचा ऑफिसर जागेवर सापडतो. आणि चाकणच्या त्या डिझाईनवाल्यांचा नंबर अजून असेल त्याच्याकडे तर एक फोन करायला काय हरकत आहे.